घरचा कॉम्प्युटर: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

नात्यातले, इमारतीतले आणि ओळखीच्यांचे ओळखीचे अशा सगळ्यांचे कॉम्प्युटर बघता बघता प्रश्नांची एक वहीच झाली. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे लिहिले आहेत. बहुतेक उत्तरं विंडोजबद्दल आहेत, कारण घरोघरी तेच दिसतं. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढे पुढे अडचणीचे येतात.

१. कॉम्प्युटर फार स्लो झालाय. नवीनच घ्यावा का?

आधी काय अडतंय ते बघा, मग पाकीट काढा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे तीन आकडे दिसतात. (इथे सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. टेबलाखालच्या पेटीलाही आपल्याकडे सीपीयूच म्हणतात, त्यामुळे फोनवर फार घोळ होतो.) डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर प्रश्न २ वाचा. मेमरी ९० च्या वर असेल तर प्रश्न ३. सीपीयूचा आकडा चढलेला असेल तर प्रोसेसेस या यादीत कोण खातंय ते नावानिशी दिसतं. तिन्ही निवांत आहेत आणि फक्त वेबसाइट रखडतात, तर दोष इंटरनेटकडे आहे (प्रश्न १४). दहा वर्षांचा जुना कॉम्प्युटरही पुष्कळदा एका सुट्या भागाने कामाला लागतो.

२. एसएसडी टाकल्याने खरंच फरक पडतो, की दुकानदार गळ्यात मारतो?

पडतो, आणि या यादीतल्या सगळ्या खर्चांत पैसे वसूल करणारा खर्च हाच. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या. हवी ती माहिती शोधायला वाचणारा दांडा तबकडीवर इकडून तिकडे सरकतो, आणि दर वेळी साधारण १० मिलिसेकंद जातात. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली शोधाव्या लागतात. एसएसडी म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात हलणारा भागच नाही, तिथे तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात होतं.

जुन्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी चालते. पातळ पट्टीसारखी एम.२ घेणार असाल तर कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर कोणत्या जातीची चालते ते आधी विचारा. साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही जाती दिसायला सारख्याच असतात, आणि चुकीची आणली तर ती बसते पण चालत नाही. घरगुती कामाला ५०० जीबी भरपूर झाली. शक्य असेल तर विंडोज कोरं टाकून घ्या. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर जुना कचराही सोबत येतो. काढलेली डिस्क धडधाकट असेल तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरा. टकटक आवाज करत असेल तर तिच्यावर काही ठेवू नका.

३. ८ जीबी रॅम पुरते का?

ब्राउझर, वर्ड, टॅली, मुलांचे ऑनलाइन क्लास एवढ्याला पुरते. रोजच्या सगळ्या गोष्टी उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. तेव्हाही ७० टक्क्यांच्या आत असेल तर आणखी रॅम घालून काही होणार नाही. घालायचीच असेल तर शक्यतो सारख्या दोन पट्ट्या लावा, दोन वाटांनी काम होतं. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तिथे काही करता येत नाही. आणि ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला दिसतच नाही.

४. मी रोज रात्री शट डाउन करतो. तरी "एकदा रीस्टार्ट करा" असं का सांगता?

कारण विंडोज ८ पासून शट डाउन हे पूर्ण शट डाउन राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, कालच्या गुंत्यासकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा. रोज बंद करणाऱ्यांनाही तिथे वीस-वीस दिवस दिसतात आणि चेहरा बघण्यासारखा होतो.

५. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. काय बंद करू?

टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप ॲप्स हा भाग उघडा. चॅटची ॲप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरचे "मदतनीस", निरनिराळे अपडेटर हे सगळं खुशाल डिसेबल करा. त्याने ती ॲप्स उडत नाहीत, फक्त न बोलावता हजर होत नाहीत. टचपॅड, ऑडिओ आणि सिक्युरिटी अशी नावं असलेल्यांना हात लावू नका. आणि "रजिस्ट्री साफ करून वेग वाढवा" म्हणणारं काहीही टाकू नका, एसएसडी डीफ्रॅगही (फायलींची फेरमांडणी) करू नका. तिची निगा विंडोज स्वतः राखतं.

६. सी ड्राइव्ह लाल झालाय आणि डी रिकामा पडलाय. काय हलवू?

सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा. तिथल्या यादीत डाउनलोड्सचंही एक खोकं असतं. त्यावर बघितल्याशिवाय टिचकी मारू नका, अनेकांची कागदपत्रं तिथेच पडलेली असतात. त्यानंतर डाउनलोड्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदलून त्याला डीवर न्या. फोटो, व्हिडिओ हलवायला हरकत नाही. प्रोग्रॅम फाइल्स मात्र कट-पेस्ट करायच्या नसतात, तसं केलं तर ते प्रोग्रॅम चालायचे थांबतात. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते म्हणून कोणाशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

७. बॅकअप म्हणून सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवतो. चालेल ना?

नाही. बहुतेक घरांत सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. माझी स्वतःची डिस्क गेली तेव्हा डीमध्ये "बॅकअप" नावाचा मोठा व्यवस्थित फोल्डर होता, तोही तिच्याबरोबर गेला.

जुना नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, त्यातली एक घराबाहेर. मूळ कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडमध्ये किंवा बहिणीच्या घरी. गूगल १५ जीबी फुकट देतं. १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो त्यातच मोजले जातात, त्यामुळे ती जागा फार दिवस पुरत नाही. बाहेरची डिस्क काम झालं की उपसून ठेवा. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही सोडत नाही. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी ठीक, जपण्यासाठी नाही. आणि क्लाउडमधल्या सिंकला बॅकअप समजू नका (पुढचा प्रश्न).

८. वनड्राइव्ह "जागा भरली" म्हणून मागे लागलाय. बंद केलं तर डेस्कटॉपवरच्या फायली गायब झाल्या!

त्या बहुधा गेलेल्या नाहीत, वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या) फोल्डरात आहेत. विंडोज सुरुवातीला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडून देतं, आणि फुकटची जागा ५ जीबीच असते. बंद करायचं असेल तर आधी फायली वनड्राइव्हच्या डेस्कटॉप फोल्डरातून आपल्या युजर फोल्डरात कॉपी करा, त्या उघडतात हे तपासा, मगच बॅकअप थांबवा. सिंकचा स्वभाव लक्षात ठेवा: इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं. चुकून खोडलंच, तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रीसायकल बिनमध्ये ते घरगुती खात्याला ३० दिवस मिळतं.

९. विंडोज १० बंद झालं म्हणतात. माझा कॉम्प्युटर चालू राहील का?

चालू राहील. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप यायच्या थांबल्या. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती.

विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (या दोन्ही मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा. "टीपीएम नाही" असं आलं तर लगेच हार मानू नका. पुष्कळ बोर्डांत ते असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) बंद असतं, इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम या नावाने. नियमाला बगल देऊन ११ टाकता येतं, पण त्यावर अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार करायच्या मशीनवर मी तसं करत नाही. मशीन खरंच जुनं असेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल, तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी सिस्टम) पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघा, डिस्कला हात न लावता. टॅली किंवा जुनं डीटीपी सॉफ्टवेअर लागत असेल तर तो रस्ता तुमचा नाही.

१०. दुकानातून विंडोज "टाकून" आणलं. खरं आहे का खोटं?

सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन. तिथे डिजिटल लायसन्स असेल तर ठीक. घरच्या मशीनवर "तुमच्या संस्थेची ॲक्टिव्हेशन सेवा" असा उल्लेख दिसला, किंवा दर १८० दिवसांनी मुदत संपत असेल, तर ते कंपन्यांसाठीच्या पद्धतीने जुगाड केलेलं आहे. असे ॲक्टिव्हेटर चालवताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगतात. का सांगत असतील, विचार करा.

११. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. कॉम्प्युटर खराब आहे का?

कॉम्प्युटर नाही, घरातलं अर्थिंग. एसएमपीएसच्या (पेटीतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या पेटीला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर पेटी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी क्षीण असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच स्थितीत टीव्हीची केबल किंवा एचडीएमआय जोडली तर पोर्ट जळू शकतं. आणि एसएमपीएस खरोखर बिघडला, तर पेटीत आलेली वीज वाहून न्यायला वाटच नसते.

तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॉप्टरमध्ये खुपसली असेल तर आधी ते काढा. मग वायरमनला बोलवून सॉकेटमधलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत वरची जाडी पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते, मागे वायरच नसते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. एक गोष्ट ठणकावून सांगतो: कोणी न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनेला जोडून "झालं काम" म्हणाला तर त्याला करू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर अख्ख्या पेटीत पूर्ण २३० व्होल्ट उतरतील.

दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला अशी हलकी गुदगुली होते, ती त्या चार्जरच्या रचनेमुळे. तिथे घाबरायचं कारण नाही.

१२. घरात इन्व्हर्टर आहे. मग वेगळा यूपीएस कशाला?

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. पंख्याला ते कळतही नाही. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, त्याने हा क्षण आखूड होतो. ते लावून चार वेळा मेन स्विच पाडून बघा. कॉम्प्युटर टिकला तर वेगळा यूपीएस नको.

नाही टिकला तर ६०० व्हीएचा घ्या. तो साधारण ३६० वॅटचा असतो आणि घरच्या मशीनला दहा-पंधरा मिनिटं देतो, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती. यूट्यूब बघत बसण्यापुरती नव्हे. आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. तेव्हा बॅटरी बदला, यूपीएस नाही. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, त्यातला हीटर एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस मान टाकतो. राउटर मात्र जरूर लावा.

१३. पंखा घरघरतो आणि कॉम्प्युटर मधेच आपोआप बंद पडतो. किंवा पॉवर बटण दाबलं तर नुसतं बीप बीप.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण दोघांचं मूळ बऱ्याचदा धुळीत सापडतं. मधेच बंद पडणं म्हणजे प्रोसेसर तापून स्वतःला वाचवतोय. प्लग काढा, झाकण उघडा, ब्लोअरने धूळ उडवा. पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग जातं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कॉम्प्युटरची धूळ ब्लोअरने निघत नाही, फोडणीच्या धुराने ती चिकट झालेली असते. तिथे मऊ ब्रश लागतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला, तुरीच्या दाण्याएवढी पुरते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणाऱ्यांनी आधी पाट वापरून बघावा.

बीप येत असेल आणि स्क्रीन काळी असेल तर रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्टीवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा पुसून परत टक असा आवाज येईपर्यंत बसवा. पावसाळ्यात कोकणपट्टीत हा उपाय मी सगळ्यांत जास्त वेळा केलाय. तिकडे जून ते सप्टेंबर कॉम्प्युटर रोज अर्धा तास तरी चालू ठेवावा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

१४. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतला, डाउनलोड मात्र १२ नेच होतं. फसवलं का?

नाही. कंपनी बिट मोजते, तुमचा ब्राउझर बाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. एवढं मिळत असेल तर पूर्ण मिळतंय. वायफायवर कमी मिळत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. ते वेगवान, पण जाड भिंतीपुढे हात टेकतं. आतल्या खोलीत २.४ च बरं. अवघड केस अशी: प्लॅन ३०० चा, लॅन केबल लावलेली, तरी शंभराच्या वर जात नाही. बहुतेक वेळा केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असतात. गिगाबिटला आठही लागतात.

१५. अचानक सगळ्याच वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायला लागल्या. हॅक झालो का?

आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तुमचा कॉम्प्युटर २०१५ मध्ये जगत असेल तर त्याला ती सगळी खोटी वाटतात. दर वेळी प्लग काढल्यावर तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्ट, घड्याळजीकडेही मिळतो.

१६. कोपऱ्यात "५ व्हायरस सापडले" असं सारखं येतं. आणि मायक्रोसॉफ्टमधून फोनही आला.

कोपऱ्यातली पाटी बहुधा व्हायरस नसते. कधीतरी एखाद्या साइटने "सूचना पाठवू का?" विचारलं आणि तुम्ही "अलाउ" दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे अनोळखी नावं काढून टाका. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत.

फोन मात्र फसवणुकीचा. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर देत नाही आणि स्वतःहून फोनही करत नाही. एनीडेस्कसारखं ॲप टाकून तुम्ही ताबा दिला असेल तर आधी इंटरनेट तोडा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाजेपायी दोन दिवस घालवलेले लोक मी पाहिलेत.

१७. मराठी टायपिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

कोणतंच नाही, विंडोजमध्ये आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज इथे मराठी जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. दोन पर्याय मिळतात. फोनेटिक, म्हणजे इंग्रजीत उच्चार लिहायचा आणि मराठी उमटतं. हा २०१९ पासून विंडोज १० मध्येच आला. दुसरा इनस्क्रिप्ट, भारत सरकारचा प्रमाणित. दिवसाला चार ओळी लिहिणाऱ्यांना फोनेटिक बरा. ज्यांना पानंच्या पानं लिहायची आहेत त्यांनी पंधरा दिवस कळ काढून इनस्क्रिप्ट शिकावा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून ख. आय वर ग, शिफ्ट धरून घ. एकदा बोटांत बसलं की बघावं लागत नाही.

नेहमी अडणारी अक्षरं: ळ साठी शिफ्ट आणि एन. पाय मोडायला डी. "कऱ्हाड", "दऱ्या", "तऱ्हा" यांतला ऱ साधा र नव्हे, तो शिफ्ट आणि जे वर आहे. त्याचा डीने पाय मोडून पुढचं अक्षर लिहा. साध्या र ने लिहिलंत तर रफार डोक्यावर चढतो आणि कऱ्हाडचं "कर्हाड" होतं.

१८. जुनी मराठी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली का?

फाइल शाबूत आहे. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांच्या जुन्या फाँटमध्ये आत खरोखर इंग्रजीचीच चिन्हं असतात, फाँट त्यावर मराठीचं चित्र काढतो. तो फाँट टाकला की मजकूर दिसेल. कायमचं काम हवं तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत) आणा, आणि मग डोळ्यांनी तपासा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाते, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. आजोबांचं आत्मचरित्र असेल तर मूळ फाइलही जपून ठेवा.

१९. आधारच्या पीडीएफवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतं. चालत नाही म्हणाले.

फाइल उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. फाइल ब्राउझरमध्ये न उघडता ॲडोबी रीडरमध्ये उघडा. सहीवर उजवी टिचकी, व्हॅलिडेट सिग्नेचर, मग सिग्नेचर प्रॉपर्टीजमधून सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडून ते विश्वासू यादीत घाला, पुन्हा व्हॅलिडेट करा. हिरवी खूण आली की छापा. डिजिटल सहीच्या इतर दाखल्यांनाही हेच. हीच फाइल "प्रिंट टू पीडीएफ" केली किंवा केबी कमी करायला दाबून बारीक केली तर सही मरते, उरतं फक्त तिचं चित्र. मूळ फाइल वेगळी ठेवा.

२०. बायोस अपडेट केल्यावर लॅपटॉप निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागतोय. मी कधी लावलीच नव्हती!

तुम्ही नाही, विंडोजने लावली. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यात जा, डिव्हाइसच्या माहितीत रिकव्हरी की सापडते. तिथेही नसेल तर डिस्कवरचा मजकूर परत मिळत नाही, दुरुस्तीवाल्याकडेही नाही. म्हणून आजच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

२१. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचाय. फॉरमॅट केलं की झालं ना?

क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. मजकूर परत काढता येतो. रीसेट धिस पीसीमध्ये रिमूव्ह एव्हरीथिंग आणि त्यातच क्लीन डेटा निवडा, वेळ लागेल, लागू द्या. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर डिस्क काढून घ्या आणि बाकीची पेटी द्या. निकामी हार्ड डिस्कला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडली की काम झालं. आतली लोहचुंबकं मात्र काढून घ्या, फ्रीजवर दहा वर्षं टिकतात.